आग्नेटे आणि सगळ्यात उथळ जागा

स्कारव्हिग गावच्या बंदर कचेरीत आग्नेटे आली ती बोटीवरचं काम मागायला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बाप ईल मासे पकडायचा, त्यामुळे वल्हं, दोर, वारा हे सगळं तिला चालता येण्याआधीपासून ठाऊक. त्या वेळचा बंदरप्रमुख म्हणाला, "बोटीवर मुलगी नको. लिहिता येतं ना? मग ते टेबल घे." आणि तिने ते टेबल घेतलं. बोटीवरचं काम आठ वर्षांनी मला मिळालं. हे तिने मला माझ्या पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाली, "बघ आयविंद, बोट नीट चालव. ती माझी आहे."

आमचं काम दोघांचं मिळून एकच होतं. दर वसंतात, आणि मोठं वादळ होऊन गेलं की, मी बंदराच्या तोंडाशी बोट घेऊन जायचो आणि सरळ रेषेत मागे-पुढे न्यायचो. अशा चौदा ओळी, दर ओळीत चाळीस जागा. दर जागेला पाणी किती खोल ते वहीत टिपायचं. आमच्या फ्योर्दचा, म्हणजे आत शिरलेल्या खाडीचा, तळ सगळा वाळूचा. आज इथे उंचवटा, पुढच्या वर्षी तिथे. मी वही आणून दिली की आग्नेटे ते सगळे पाचशे साठ आकडे एका मोठ्या चौकटीच्या कागदावर उतरवायची. खोली डेसिमीटरमध्ये. एकतीस लिहिलं म्हणजे तीन मीटर दहा सेंटीमीटर पाणी.

मग ती बोट फिरवायची. म्हणजे उजव्या हाताचं पहिलं बोट. पहिल्या ओळीच्या पहिल्या आकड्यावर ठेवून ती पुटपुटत निघायची, आणि तोवरचा सगळ्यात लहान आकडा ओठांवर धरून ठेवायची. "अडतीस, अडतीस, अडतीस, छत्तीस... छत्तीस, छत्तीस..." त्या वेळी कुणी तिच्याशी बोलायचं नाही. एकदा नव्या टपालवाल्याने "सही करता का?" असं विचारलं, तर तिने त्याच्याकडे बघून "चौतीस" असं उत्तर दिलं आणि पुढे चालू पडली. शेवटी ती लाल पेन्सिलीने त्या जागेभोवती गोल काढायची. मी त्या जागेवर जाऊन तरंगता बोया सोडायचो, म्हणजे जहाजांनी तिथून लांबून जावं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं.

चौऱ्याऐंशी साली जिल्ह्याकडून कचेरीत यंत्र आलं. पडदा, कळा, आणि कळांवर चिकटवलेल्या चित्रविचित्र खुणा: बाण, अर्धे गोल, उलटे त्रिकोण. त्याच्याबरोबर टोर्किल नावाचा अभियंता आला. चाळिशीचा, उंच, पँटीला लावलेला सायकलचा चाप दिवसभर काढायला विसरलेला. माणूस चांगला, पण बोलण्याचा वेग असा की आपण पहिलं वाक्य समजून घेईपर्यंत तो चौथ्यावर.

बंदरप्रमुख आता हाल्फदान होता. त्याने खुर्च्या मांडल्या, कॉफी ठेवली. टोर्किलने माझ्या वहीतले आकडे यंत्रात भरून घेतले होते. त्याने एक ओळ टाइप केली. बोटभर लांबीची. सगळ्या खुणाच खुणा, एकही शब्द नाही.

"हे उजवीकडून वाचायचं," तो म्हणाला.

"उजवीकडून?" आग्नेटेने विचारलं.

"उजवीकडून डावीकडे. हा तुमचा तक्ता. ही खूण तक्ता उलगडते, म्हणजे ओळीमागे ओळ जोडून एकच लांबलचक ओळ करते. ही त्यातला सगळ्यात लहान आकडा काढते. आणि ही तो पहिल्यांदा कुठे येतो ते सांगते. झालं."

त्याने कळ दाबली. पडद्यावर आलं: ३४७.

हाल्फदानने टाळी वाजवली. आग्नेटे पडद्याकडे बघत राहिली.

"पण तो बघतो कधी?" ती म्हणाली.

"कोण?"

"हा. मी एक आकडा बघते, मग दुसरा बघते. हा कुठून सुरुवात करतो? ओठांवर काय धरतो?"

टोर्किल हसला. "तोच तर गमतीचा भाग आहे, आग्नेटे. एकेक बघायचं आपण सांगतच नाही. सगळा तक्ता एकदम हातात घ्यायचा आणि त्याला एकदम विचारायचं."

"सगळा एकदम," ती म्हणाली. मला वाटलं तिला पटलं. नंतर जिन्यात तिने माझी बाही धरली. "आयविंद, तुला कळलं?"

"नाही."

"बरं झालं. मला वाटलं मीच एकटी."

टोर्किल दुपारच्या गाडीने गेला. आता प्रश्न होता, ३४७ म्हणजे कुठे? आग्नेटेने कागदावर भागाकार मांडला. एका ओळीत चाळीस जागा. चाळीसने भागलं: आठ आले, बाकी सत्तावीस. "आठवी ओळ, सत्ताविसावी जागा," तिने मला सांगितलं. मी गेलो, बोया सोडला, आणि सवयीने शिशाचा गोळा दोराला बांधून खाली टाकला. पाणी तीन मीटर ऐंशी. उथळ कुठलं, चांगलं डोक्यावरून चार हात.

परत येऊन सांगितलं तर तिने आधीच कागद पसरला होता. बोट फिरवून झालं होतं. लाल गोल होता नवव्या ओळीत, सत्ताविसाव्या जागेवर.

"यंत्र चुकलं," मी म्हणालो.

"सत्ताविसावी जागा बरोबर आणि ओळच चुकली? चुकायचं तर धड तरी चुकावं ना." तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किंवा मी चुकले. किंवा तू वहीत चुकलास."

"मी नाही."

"सगळे असंच म्हणतात."

दोन दिवस ती त्या आठ आणि नऊच्या मागे लागली. जेवताना बोलेना. तिसऱ्या दिवशी हाल्फदानच्या बायकोने कचेरीत अंड्यांचा ट्रे पाठवला, सहा-सहाच्या पाच ओळींचा. आग्नेटे अंडी वाटून घ्यायला उठली आणि तिथेच थांबली. मग मोठ्याने मोजू लागली. चौदाव्या अंड्यावर बोट ठेवलं.

"चौदा भागिले सहा. दोन, बाकी दोन. आयविंद, हे अंडं कितव्या ओळीत आहे?"

"तिसऱ्या."

"मग दोन कुठून आले?"

मी बघितलं. पुन्हा मोजलं. तीच म्हणाली, "दोन ओळी *संपल्या*. आपण तिसरीत उभे आहोत. भागाकार सांगतो किती ओळी मागे पडल्या. कुठे उभे आहोत ते नाही सांगत." तिने माझ्या हाताला असा चिमटा काढला की वळ उठला. "आठ ओळी संपल्या! आपण नववीत!"

मी त्याच दिवशी बोया हलवला. गोळा टाकला: तीन मीटर दहा.

पण हे इथे मिटलं असतं तर ती आग्नेटे कसली. संध्याकाळी निघताना ती परत ट्रेपाशी. "आणि बारावं अंडं? बारा भागिले सहा, दोन, बाकी शून्य. दोन ओळी संपल्या म्हणून तिसरी ओळ, शून्यावं अंडं? शून्यावं अंडं कसलं?"

तिने टोर्किलला फोन लावला. मी शेजारी उभा होतो, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"हां, ते होय! आधी एक वजा करायचा, मग भागायचं, मग दोन्हीकडे एक-एक मिळवायचा. सांगायचं राहिलं वाटतं."

"एक वजा करायचा आणि परत मिळवायचा?"

"हो."

"मग वजा कशाला करायचा?"

फोनवर त्याची पेन्सिल कागदावर खरखरली. मग तो म्हणाला, "बारातून एक गेला, अकरा. भागिले सहा: एक, बाकी पाच. दोन्हीत एक मिळव: दोन आणि सहा. दुसरी ओळ, सहावं अंडं. बरोबर?"

तिने ट्रेमध्ये बघितलं. दुसरी ओळ, सहावं अंडं. "बरोबर," ती म्हणाली. "पण का ते नाही कळलं."

"बरोबर येतंय ना?"

"येतंय म्हणूनच तर त्रास होतोय."

पुढच्या आठवड्यात टोर्किल येऊन ती दुरुस्ती करून गेला. आता यंत्र थेट ओळ आणि जागा सांगायचं. त्या उन्हाळ्यात आग्नेटे रोज अर्धा तास त्याच्यासमोर बसायची, छोटे छोटे तक्ते भरायची, तीन ओळींचे, दोन ओळींचे, आणि उत्तर बोटाने ताडून बघायची. दर वेळी बरोबर. दर वेळी तिच्या कपाळाला आठी. "काही तरी राहतंय," ती म्हणायची. "काय ते कळत नाही."

नोव्हेंबरात तीन दिवस वायव्येचं वादळ झालं. ते शमल्यावर मी चौदा ओळी फिरलो. आग्नेटेने नेहमीप्रमाणे मोठा कागद काढला, तशी हाल्फदान दारातून म्हणाला, "अगं बाई, आता कशाला तो? आकडे यंत्रात भर, दोन मिनिटांचं काम. उद्या पशुखाद्य घेऊन जहाज येतंय."

"बोटाने एकदा बघते."

"सबंध उन्हाळा बघितलंस. एकदा तरी चुकलं का ते?"

ते खरंच चुकलं नव्हतं. तिने कागद गुंडाळून ठेवला. यंत्राने सांगितलं: ओळ सहा, जागा अठरा. मी गेलो, गोळा टाकला, तीन मीटर दहा, बरोबर. बोया सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला जहाज आलं. कप्तान हेमिंग, जुना माणूस, आमच्या बंदरात शंभरदा आलेला. त्याने बोया बघितला, नीट लांबून वळसा घेतला, आणि वळसा घेता घेता जहाज थांबलं. आवाज काही मोठा झाला नाही. कुणी खुर्ची ओढावी तेवढाच. पण नाक वर आलं आणि तिथेच राहिलं.

मी बोट घेऊन गेलो. कठड्यावरून हेमिंग ओरडला, "अरे तुमचा बोया तिकडे आणि वाळू इकडे! काय, बोयाला फिरायला नेलं होतं का?"

मी जहाजाच्या नाकाशी गोळा टाकला. तीन मीटर दहा. जागा मोजली: बारावी ओळ, पाचवी जागा. मला वाटलं एका रात्रीत वाळू हलली. परत आलो तर आग्नेटेने कागद पसरला होता. वहीतले आकडे ती धावत उतरवत होती आणि बोट मागोमाग. सहाव्या ओळीत एकतीस. तिने गोल काढला. बोट पुढे गेलं. सातवी, आठवी, अकरावी. बाराव्या ओळीत, पाचव्या जागेवर, एकतीस.

वाळू हलली नव्हती. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात ते दोन्ही एकतीस आदल्या दिवसापासून होते.

"दोन आहेत," ती म्हणाली. "सगळ्यात लहान दोन आहेत."

हाल्फदान वाकून बघू लागला. "दोन कसे असतील? सगळ्यात लहान म्हणजे एकच."

"हे बघ. हा आणि हा."

"मग यंत्राने एकच का सांगितलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे यंत्र खोटं बोललं?"

"सहाव्या ओळीत एकतीस आहे की. खोटं कुठे बोललं?"

"म्हणजे खरं बोललं?"

"जहाज वाळूवर आहे, हाल्फदान."

तो खुर्चीत बसला. मीही बसलो. आम्ही तिघं त्या दोन लाल गोलांकडे बघत होतो आणि चूक नक्की कुणाची हे तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. आकडे माझे, बरोबर. यंत्र बरोबर. बोया बरोबर जागी.

टोर्किलला फोन केला. तो म्हणाला, "पण तू 'कुठे येतो' असं विचारलंस तर ते पहिला सापडला की सांगणार. मी सांगितलं होतं तसं. 'पहिल्यांदा कुठे येतो' असंच म्हणालो होतो."

आग्नेटेने डोळे मिटले. "म्हणाला होतास," ती म्हणाली. "मला वाटलं ती तुझी नुसती बोलायची पद्धत."

फ्योर्दमध्ये भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पाणी चढायचं तर पश्चिमेचा वारा सुटावा लागतो. वारा दोन दिवस सुटला नाही. तोवर हेमिंग आमच्याच कचेरीत ठाण मांडून. खलाशी जहाजावर पत्ते कुटत होते, हा इथे कॉफी पीत होता. आग्नेटे रोज त्याच्यासाठी राय धान्याचा काळा पाव आणि हेरिंग मासे घेऊन यायची, आणि तो रोज तिला टोमणे मारायचा.

"काय मग, आज किती जागा सगळ्यात उथळ आहेत?"

"दोन."

"काल एक होती."

"कालही दोनच होत्या. आम्हाला एक माहीत होती."

"आणि तिसरी?"

ती थबकली. पावाची बशी तशीच हातात. "तिसरी नाही," ती म्हणाली, मग कागदाकडे गेली आणि पुन्हा बोट फिरवलं. तिसरी नव्हती. पण ती परत आली ती बसलीच नाही. यंत्रासमोर उभी राहिली.

"कुठे आहे असं विचारायचंच नाही," ती पुटपुटली.

"मग काय विचारायचं?" हेमिंगने विचारलं.

"थांब जरा. बोलू नको." तिने आकड्यांवर बोट न ठेवता हवेत बोट धरलं होतं. "माझं बोट काय करतं? एकतीस सापडल्यावर थांबत नाही. पुढे जातं, आणि दर घराला विचारतं, तू एकतीस आहेस का? तू आहेस का? मग सगळ्यांना एकदम हेच विचारलं तर? तू सगळ्यात लहानाएवढा आहेस का, हो की नाही?"

तिने टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा कळ दाबली आणि पडदा भरून गेला. चौदा ओळी, चाळीस चाळीस. सगळी शून्यं. शून्यांचा समुद्र, आणि त्यात दोन ठिकाणी एक.

हेमिंग उठून जवळ आला. त्याने जाड बोट पडद्यावर ठेवलं, बाराव्या ओळीतल्या एकावर. "हा मी."

"हा तू," आग्नेटे म्हणाली. तिने चष्मा काढला. मी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. तिने टाइप केलेली ओळ टोर्किलच्या ओळीपेक्षा आखूड होती. ते तिने मला दोनदा दाखवलं. "आखूड आहे रे. मग तो लांब का लिहीत होता?"

शुक्रवारी पश्चिमेचा वारा सुटला, पाणी चाळीस सेंटीमीटर चढलं आणि जहाज आपसूक सुटलं. तळाला ओरखडे, बाकी काही नाही. जाताना हेमिंगने भोंगा दोनदा वाजवला. ते आग्नेटेसाठी होतं असं हाल्फदान म्हणतो. मला वाटतं तो नेहमीच दोनदा वाजवायचा.

त्यानंतर जिल्ह्याच्या छापील अर्जाशी तिचं भांडण सुरू झालं. त्यात 'सर्वांत उथळ जागा' यापुढे एकच चौकट होती. ती त्या चौकटीत बारीक अक्षरात असतील तेवढ्या जागा लिहायची. अर्ज परत यायचा: कृपया एकच जागा नमूद करावी. ती उलट लिहायची: कोणती? याचं उत्तर कधी आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच अर्ज, तीच चौकट.

सात वर्षांनी ती निवृत्त झाली, त्या वसंतात जिल्ह्याने गाळ काढणारी मोठी बोट पाठवली. तिने सहा आठवडे बंदराचं तोंड खरवडलं. ती बोट गेल्यावर मी चौदा ओळी फिरलो. आग्नेटेने आकडे भरले, आपली ओळ टाइप केली, आणि मला हाक मारली. तिच्या हाकेत काही तरी वेगळं होतं म्हणून मी पायातले गमबूट न काढताच आत गेलो.

पडद्यावर जिकडेतिकडे एक. ओळीच्या ओळी एक. मध्येमध्ये शून्यं.

"मोजले," ती म्हणाली. "चारशे बारा."

"चारशे बारा काय?"

"सगळ्यात उथळ जागा. पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. साडेचार मीटर, चारशे बारा ठिकाणी."

हाल्फदान आला. त्यानेही बघितलं. "बरं," तो म्हणाला. "मग बोया कुठे लावायचा?"

ती खिडकीशी गेली. बाहेर पाणी सपाट, राखाडी. मी म्हणालो, "साडेचार मीटरवर कुठलंच जहाज अडकत नाही, आग्नेटे. बोया नकोच."

"नकोच," ती म्हणाली. "ते कळतंय मला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण मग हे सगळ्यात उथळ आहे की नाही?"

हाल्फदानने जिल्ह्याचा अर्ज काढला आणि त्या एका चौकटीवर बोट ठेवलं.

त्या दुपारी मी जुना बोया उचलायला निघालो तर ती कोट घालून धक्क्यावर उभी. "सरक," म्हणाली, आणि बोटीत उतरली. सुकाणू तिने घेतलं. माझ्या तेहतीस वर्षांत ती पहिल्यांदा कामाच्या वेळेत या बोटीवर बसली होती. चौदाही ओळींवरून तिने मला फिरवलं, एकही ओळ वाकडी न करता, आणि दर थोड्या वेळाने कठड्यावरून वाकून खाली पाण्यात बघत होती. तळ काही दिसत नव्हता.